नवा स्टॉपर पारखायचा कसा?

आमच्या तालमीची फुटबॉल टीम आहे, तिचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं की अर्धं कोल्हापूर वाचायचं सोडून देईल आणि उरलेलं न वाचताच माझी बाजू घेईल. एवढंच सांगतो, की यंदा आमचे दोन्ही जुने स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभे राहणारे गडी, नाहीत. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याला पुण्यात नोकरी लागली. त्यांच्या जागी दोन पोरं उभी राहणार आहेत. एक आयटीआयला आहे, दुसऱ्याची बारावी आहे. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी झाली त्या दिवसापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. कोण म्हणतं पोरं वाघ आहेत, कोण म्हणतं पहिल्याच मॅचला चार गोल खाणार. पोरांना नीट खेळताना यातल्या कुणीच बघितलेलं नाही.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. जॉब मापात आला का हे तिथं नुसत्या डोळ्यानं कोण सांगत नाही, मायक्रोमीटर लावतात. बचावातल्या पोराला लावायलाही मापं आहेत, पण ती गोलसारखी फळ्यावर लागत नाहीत. फॉरवर्डचं सोपं आहे, बॉल जाळीत गेला की कळलं. बॅकनं चांगलं काम केलं की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून टाळी वाजवायची आपल्या गॅलरीला सवय नाही.

बसायची जागा बदला

शाहू स्टेडियमवर मधल्या रेषेच्या समोर बसायला सगळ्यांची धडपड असते. तिथून पास दिसतो, गोल दिसतो, बचाव दिसत नाही. पहिल्या हाफला आपल्या गोलच्या मागच्या बाजूला, जमेल तेवढं वर जाऊन बसा. तिथून चारी बॅकची ओळ एका नजरेत येते. कोण पुढं सरकला, कोण मागं राहिला, दोन स्टॉपरांच्या मधनं थ्रू पास जाईल एवढी जागा पडली का, सगळं कळतं. हाफटाइमनंतर टीमा बाजू बदलतात, तुम्हीही बदला. शेंगा मात्र आधीच घेऊन जावा, त्या कोपऱ्यात विकणारा लवकर येत नाही.

पहिली दहा मिनिटं बॉल बघायचा नाही

हे सगळ्यात अवघड आहे. दहा मिनिटं फक्त आपल्या पोराकडं बघायचं, बॉल कुठंही असू दे.

आधी त्याची मान बघा. बॉल पलीकडच्या विंगला असताना मुरलेला स्टॉपर सारखा खांद्यावरनं मागं नजर टाकतो, कारण त्याचा फॉरवर्ड कुठं सरकलाय हे त्याला बॉलइतकंच महत्त्वाचं असतं. नवं पोरगं बॉलकडं टक लावून बसतं. मग क्रॉस येतो, लांबच्या पोस्टला कोणीतरी मोकळा हेड मारतो आणि गॅलरी गोलकीपरला शिव्या घालते. गोल गोलकीपरनं खाल्लेला नसतो. पाच सेकंद आधी जी मान वळली नाही, तिथं तो झालेला असतो.

मग पाय. समोरनं फॉरवर्ड बॉल घेऊन अंगावर आला, की पोरगं छाती समोर करून उभं राहतं का तिरकं? समोरासमोर उभा राहिलेल्याला दोन्ही बाजूंनी काढता येतं, पायांच्या मधनं तर येतंच. तिरका उभा राहणारा एक बाजू बंद करतो, फॉरवर्डला टचलाइनकडं ढकलत नेतो, अर्धं अर्धं पाऊल मागं सरकत वेळ काढतो, तोवर आपले हाफ, म्हणजे मधल्या फळीतले गडी, परत येतात. यात दिसण्यासारखं काही नाही. नेमकं तेव्हाच गॅलरीतनं "घाल की! घाल!" असा कालवा होतो आणि बिचारं पोरगं घसरतं. धुरळा उडवणारी स्लायडिंग बसली तर शिट्ट्या पडतात. मी तशी प्रत्येक स्लायडिंग पोराच्या नावावर उधारीत लिहितो. तिथवर पोचायची वेळ का आली, हे बघायचं. जास्त टॅकल करणारा बॅक चांगला असतोच असं नाही. बऱ्याचदा तो आधी चुकीच्या जागी उभा असतो. नावाजलेला बॅक पाओलो मालदिनी १९८५ ला सोळाव्या वर्षी मिलानकडनं इटलीच्या लीगमध्ये उतरला आणि २००९ पर्यंत खेळला. जमिनीवर लोळून एवढी वर्षं निघत नाहीत.

आमच्याकडची एक जास्तीची परीक्षा आहे. हंगाम उन्हाळ्यात शिरला की मैदान कडक होतं आणि लांबनं आलेला बॉल टप्पा पडून डोक्यावरनं जातो. पोरगं टप्प्याची वाट बघत थांबतं का पुढं येऊन हवेतच बॉल काढतं, एवढं एक बघितलं तरी त्या दिवसाचं तिकीट वसूल.

नुसतं बघू नका, ऐका

दिवसाला दोन मॅच असल्या की पहिलीला, दुपारच्या उन्हात, गर्दी कमी असते. आपली मॅच त्या वेळेला लागली तर लोक नाक मुरडतात. मला तीच आवडते, कारण मैदानातला आवाज ऐकू येतो. गोलकीपर ओरडतोय, कॅप्टन ओरडतोय, आणि आपला नवा स्टॉपर? कॉर्नर क्लिअर झाल्यावर "बाहेर या" कोण म्हणतं? लेफ्ट बॅक पुढं पळाला तर त्याची जागा भरायला हाफला कोण सांगतं?

रात्री जागून स्पेनची लीग बघणारी पोरं आमच्या गल्लीत बरीच आहेत. मीही बघतो, बायको झोपल्यावर, आवाज बंद करून. बार्सिलोनाचा स्टॉपर पाउ कुबार्सी जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या टीमकडनं पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याला सतरावं पूर्ण व्हायला चार दिवस होते. पुढच्या हंगामात हान्सी फ्लिक कोच म्हणून आला आणि त्यानं बचावाची ओळ पार मधल्या रेषेजवळ नेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिअल माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोना ४-० नं जिंकली. त्या मॅचला माद्रिदवाले पास सुटायच्या आधीच त्या ओळीच्या पलीकडं जाऊन ऑफसाईडमध्ये सापडून सापडून वैतागले होते. कौतुक कुबार्सीचं झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या शेजारी इनिगो मार्टिनेझ होता, तिशी कधीच ओलांडलेला. कधी पुढं सरकायचं, कधी थांबायचं, ही हाकाटी बरीचशी त्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सौदीला गेला. कुबार्सी तोच, पाय तेच, तरी ऑक्टोबरमध्ये सेव्हियानं ४-१ नं मारलं. एका माणसामुळं सगळं झालं असं मी म्हणणार नाही, पुढच्या फळीनं दाब टाकला नाही की तेवढ्या पुढं आणलेल्या ओळीचं कुणाच्यानंच काही होत नाही. पण गेलेल्या गड्याबरोबर त्याचा आवाजही जातो. नव्या पोराकडनं पायांची अपेक्षा सगळे करतात, आवाजाची कोण करत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं तिशीतल्या लेफ्ट बॅकला "मागं ये" म्हणायचं, हे आमच्या पेठेत तर आणखीनच अवघड. तो लेफ्ट बॅक त्याच्या थोरल्या भावाचा दोस्त असतो.

म्हणून पहिल्या महिन्यात पोरगं गप्प असेल तर घाबरू नका. तिसऱ्या महिन्यातही गप्प असेल तर मात्र कोचच्या कानावर घाला.

शेजारी कोण आहे ते आधी बघा

दोन जुने एकदम गेले आणि दोन नवे एकदम आले, तर त्यातल्या एकालाही न्यायानं मापता येत नाही. मँचेस्टर सिटीचा कॅप्टन व्हिन्सेंट कोंपनी २०१९ ला गेला. त्याच्या जागी कोणी विकत घेतला नाही. हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही तोवर दुसरा स्टॉपर लापोर्त याचा गुडघा गेला आणि मधल्या फळीतला फर्नांदिन्यो स्टॉपरला उभा करावा लागला. नॉर्विचसारख्या टीमकडनं ३-२ नं हार, शेवटी लिव्हरपूलच्या १८ गुण मागं. एरिक गार्सिया नावाचं पोरगं त्याच हंगामात तिथं अधूनमधून खेळत होतं. अशा टीमला बघून त्याला काय जमतं हे कोण ठरवणार? पुढच्या वर्षी बेनफिकाकडनं स्टॉपर रुबेन दियास आणला, तेव्हा ओळ जागेवर आली आणि लीग परत मिळाली.

आमच्या दोन पोरांना एकत्रच खेळवणार असतील, तर माझं मत साफ आहे: हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात तरी त्यातल्या एकाच्या शेजारी मुरलेला माणूस द्या, भले तो मूळचा हाफ का असेना. वेग कमी असला तरी चालेल. कट्ट्यावर याला उत्तर येतं, "मग परदेशी स्टॉपर आणू की." आणा. पण तो दरवर्षी नवा येणार, आणि पोरं दरवर्षी बाकावर बसणार.

खरं दुखणं आणखी मागं आहे. आपला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. तो फॉरवर्ड. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक पोराला पुढंच खेळायचंय. सकाळी मैदानावर उशिरा पोचतो किंवा उंचीनं जास्त आहे, त्याला बॅकला ढकलतात. स्टॉपर आपण घडवत नाही, उरलेल्यातनं काढतो.

चुकल्यानंतरची पाच मिनिटं

पोरगं चुकणारच. मार्च २०२५ मध्ये कुबार्सीला बेनफिकाविरुद्ध बाविसाव्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं. बाकीचे दहा जण लढले, बार्सिलोना १-० नं जिंकली, आणि फ्लिकनं पोराला अडगळीत टाकलं नाही.

आपण गॅलरीत बसून एकच बघायचं. चुकीनंतर पुढच्या पाच मिनिटांत तो गोलकीपरकडं बॉल मागतो का? का फॉरवर्डच्या पाठीमागं लपून उभा राहतो, म्हणजे पास आपल्याकडं येऊच नये? मागणाऱ्या पोरावर दोन हंगाम लावायला माझी तयारी आहे.

आणि या पाच मिनिटांत जुन्या गड्याचं नाव घ्यायचं नाही. "आज तो असता तर" हे वाक्य मैदानात जातं, पोराला शब्द न् शब्द ऐकू येतो. हुर्यो उडवायचीच असेल तर समोरच्या टीमची उडवा, त्याला कोण नको म्हणतंय! उलट बाजूनंही जपा. एका चांगल्या मॅचवर चौकात पोराचा डिजिटल बोर्ड लावू नका. स्टॉपर विलियम सालिबाला आर्सेनलनं २०१९ ला घेतला आणि तीन वर्षं बहुतेक फ्रान्समध्येच खेळवला. इंग्लंडच्या लीगमध्ये तो उतरला ऑगस्ट २०२२ मध्ये. पुढच्या मार्चमध्ये पाठीच्या दुखापतीनं तो बाहेर बसला, तेव्हा आर्सेनल गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर होती. लीग सिटीनं नेली. पोरगं किती मोलाचं होतं हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

मॅच सुटल्यावर

पोरगं बूट काढत बसलेलं असतं. "भारी खेळलास" किंवा "काय खेळलास रे" यातलं काहीच म्हणू नका. विचारा, "दुसऱ्या कॉर्नरला तुझा माणूस कोण होता?" एखादं म्हणतं, "मामा, नऊ नंबर होता, पण तो पुढं पळाला म्हणून मी हाफकडं दिला आणि मागचा घेतला." त्याला चहा पाजा. "आठवत नाही" म्हणालं तरी चहा पाजा, पुढच्या मॅचला परत तोच प्रश्न विचारा. विचारणारा आहे हे कळलं की पोरं लक्षात ठेवायला लागतात.

लीग आणि पुढच्या एकदोन स्पर्धा होईपर्यंत निकाल द्यायचा नाही. तोवरही मान वळत नसेल, आवाज फुटत नसेल, पण पायात बॉल चांगला असेल, तर तो स्टॉपर नाही, एवढंच. साइड बॅकला किंवा मधे हाफला खेळवून बघा. ते कोचला सांगायचं, आणि पावसाळ्याआधी सांगायचं, म्हणजे पुढच्या नोंदणीपर्यंत नवा स्टॉपर शोधायला तालमीला वेळ मिळतो.