फिरत्या चकतीतला बेडूक उडी मारत नाही? या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीने पुठ्ठ्याची चकती केली. कडेला बारा फटी, आत बारा बेडूक, मधोमध टाचणी आणि ती पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचलेली. आरशासमोर फिरवली तर बेडूक गायब, नुसता हिरवट पट्टा. "मामा, चित्रं चुकली माझी." चित्रं झकास होती. ती चकतीच्या वरून आरशात बघत होती, फटीतून नाही.

पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडकतात. हे खेळणं म्हणजे फेनाकिस्टिस्कोप. १८३२ साली बेल्जियममध्ये जोसेफ प्लॅटोने ते बनवलं, आणि जवळपास त्याच वेळी व्हिएन्नात सिमॉन स्टाम्पफरनेही स्वतंत्रपणे तशीच चकती केली. यातलं खरं यंत्र फट आहे, चित्र नव्हे. फट डोळ्यासमोरून सरकते तेवढा क्षणभर एक चित्र दिसतं, मग पुठ्ठा आडवा येतो, आणि त्या आडोशात पुढचं चित्र जागेवर येऊन बसतं. तेव्हा चित्रांची बाजू आरशाकडे, कोरी बाजू आपल्याकडे, एक डोळा मिटायचा आणि दुसरा फटींना जवळजवळ टेकवायचा.

फटीतून बघूनही पुसट दिसतंय? मग फट मोजा. भाचीने कात्रीने कापलेल्या फटी आठ मिलिमीटरच्या होत्या. वीत-सव्वा वीत व्यासाच्या चकतीला तीन मिलिमीटर पुरतात. कटर आणि स्टीलची पट्टी वापरा, लहान मुलांच्या हाती कटर देऊ नका. फट अरुंद केली की चित्र रेखीव होतं, पण काळोखंही होतं. त्यावर उपाय दोन: डोळ्याकडची बाजू काळ्या पोस्टर कलरने रंगवा, आणि उजेड चित्रांवर पाडा. चित्रं आरशाकडे तोंड करून असतात, म्हणून दिवा आरशाशेजारी हवा, आपल्या पाठीमागे नाही. काही स्वस्त एलईडी दिवे स्वतःच लुकलुकतात, त्यांच्या उजेडात एका बेडकाचे दोन-तीन होतात. शक्यतो दिवसा खिडकीच्या उजेडात करा.

बेडूक उड्या मारतोय पण चकतीभर गोल गोल सरकतोय, असं झालं तर मोजणी चुकली. बारा फटींना बाराच चित्रं, दर ३० अंशांवर एक. तेरा काढलीत तर सगळी मंडळी चकतीच्या दिशेने पुढे सरकतात, अकरा काढलीत तर मागे. जुन्या कारागिरांनी ही चूक मुद्दाम करून मजा आणलेली आहे, पण आधी बरोबर जमू द्या.

चित्रातली एक चूक मात्र खरीच चूक असते: बारावं चित्र हुबेहूब पहिल्यासारखं काढणं. मग दर फेरीला बेडूक ठेचकाळतो. बाराव्यातून पहिल्यात उडी पडली पाहिजे. आणि एका चित्रातून पुढच्या चित्रात बेडूक सारख्याच अंतराने वर-खाली सरकवू नका. वर पोचताना बेडूक मंदावतो, तिथे त्याच्या उंचीतला फरक थोडाच हवा; चित्रं मात्र ३० अंशांवरच.

याचंच भावंडं म्हणजे झोएट्रोप: कडेला फटी असलेला फिरता गोल डबा, आत चित्रांची पट्टी. त्याला आरसा लागत नाही आणि चार जण एकदम बघू शकतात. कल्पना विल्यम हॉर्नरची, १८३४ ची, पण खेळणं म्हणून ते गाजलं १८६० च्या दशकात. इथे घोळ होतो पट्टीच्या मापात. लोक डब्याचा घेर बाहेरून मोजतात. आतला व्यास २० सेंटिमीटर असेल तर पट्टी ६२.८ सेंटिमीटर हवी, पण पुठ्ठा तीन मिलिमीटर जाड असेल तर बाहेरचं माप जवळपास दोन सेंटिमीटरने जास्त भरतं आणि जोडापाशी चित्र उसळतं. फटी पट्टीच्या वर ठेवा. शिवाय यात माणसं हडकुळी दिसतात, कारण जवळची फट एका दिशेला आणि समोरचं चित्र उलट्या दिशेला धावतं. म्हणून आकृती मुळातच जरा रुंद काढायची. फिरवायला जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर मिनिटाला ३३ फेऱ्यांचा वेग कमी पडतो, बारा चित्रांच्या पट्टीला सेकंदाला जेमतेम सात चित्रं. ७८ वर पंधरा-सोळा मिळतात.

दोऱ्याच्या पक्षी-पिंजऱ्याचं, म्हणजे थॉमाट्रोपचं (चकतीच्या एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोऱ्यांना पीळ देऊन फिरवली की पक्षी पिंजऱ्यात दिसतो), एकच पथ्य: दोरे डावी-उजवीकडे असतील तर मागचं चित्र उलटं, डोकं खाली करून काढा.

फटींमुळे येणाऱ्या काळोखाची तक्रार फ्रान्सच्या एमिल रेनोने १८७७ साली मिटवली. त्याच्या प्रॅक्सिनोस्कोपात फटींऐवजी मध्यभागी आरसे आहेत. ऑक्टोबर १८९२ मध्ये त्याने पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात पडद्यावर हलती चित्रं दाखवली. त्याच वर्षी कल्याणला महादेव पटवर्धनांची शांबरिक खरोलिका सुरू झाली. दोन्हींची सरमिसळ करू नका: खरोलिका म्हणजे काचेवर रंगवलेली चित्रं आणि ती पडद्यावर पाडणारा जादूचा दिवा (मॅजिक लँटर्न).

'डोळ्यात प्रतिमा रेंगाळते म्हणून चित्र हलतं' हे शाळेतलं उत्तरही अपुरं. नुसतं रेंगाळणंच असतं तर भाचीच्या हिरव्या पट्ट्यालाही बेडूक म्हणावं लागलं असतं. सुटी चित्रं जोडून हालचाल मेंदू घडवतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरने १९१२ साली स्थिर रेघा आळीपाळीने दाखवून या भासाचा नीट अभ्यास मांडला.

आणि सगळं जमूनही बेडूक पाठमोऱ्या उड्या मारत असेल तर काही फाडू नका. चकती उलट्या दिशेने फिरवा.