माळ्यावरची जुनी शिलाई मशीन पुन्हा चालू कशी करावी

उषा किंवा सिंगरची जुनी काळी मशीन खाली काढली आणि चाक हललंच नाही, तर ती बाद झाली असं लगेच ठरवू नका. बिडाच्या या मशीन सहसा मोडत नाहीत. आतलं तेल सुकून सांधे धरून बसतं. कुणी खोबरेल किंवा गोडेतेल घातलं असेल तर ते डिंकासारखं घट्ट होतं. म्हणून चाकावर जोर काढायचा नाही, हातोडी तर नाहीच.

आधी सुई, दाबाचा पाय, सुईखालची पट्टी, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी) आणि शटल (त्या डबीभोवती फिरणारा, वरचा दोरा पकडणारा भाग) काढा. काढण्यापूर्वी प्रत्येक जागेचा फोटो घ्या, स्क्रू वाटीत ठेवा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला धाग्यांचा भुगा टूथब्रशने काढा. शटलच्या खोबणीत नीट बघा. तिथे अडकलेला दोऱ्याचा एक तुकडाही चाक अडवू शकतो.

मग तेल. मशीनचं पांढरं, पातळ तेलच घ्या. वरच्या भोकांत, डावीकडचं झाकण उघडून सुईच्या दांडीवर आणि मशीन मागे कलती करून खालच्या प्रत्येक हलत्या सांध्यावर थेंब-थेंब सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी चाक हलक्या हाताने मागेपुढे करा, पुन्हा तेल, पुन्हा थांबा. घाई इथेच होते आणि काहीतरी तुटतं ते इथेच. एखादा सांधा फारच हट्टी असेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या, जुनं तेल सैल होतं. रॉकेलनेही सुटतं, पण रॉकेल आणि ड्रायर कधीच एकत्र नको; खिडक्या उघड्या ठेवा, गॅसपासून लांब बसा. रॉकेल पुसल्यावर परत तेल घालावंच लागतं.

चाक फिरतंय, सुई मात्र ढिम्म? चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल असेल. बॉबिन भरताना तो सैल करतात आणि कसायला विसरतात.

सोनेरी वेलबुट्टीला थिनर, स्पिरिट लावू नका. जुन्या मशीनवर अनेकदा लाखेचं रोगण असतं, ते स्पिरिटमध्ये विरघळतं आणि नक्षीही जाते. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन पुसा. नव्याने रंग देण्याच्या मी विरोधात आहे. उडालेला रंग शिवणाच्या आड येत नाही.

पायमशीनचा चामडी पट्टा घसरत असेल तर क्लिप काढून अर्धा सेंटिमीटर कापा. फार ताणलात तर मशीन जड चालते.

शेवटी नवी सुई, साध्या सुती कापडाला 16 नंबरची. तिच्या लांब खोबणीच्या बाजूने दोरा ओवायचा. ओवताना दाबाचा पाय वर हवा, नाहीतर दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसत नाही. दुहेरी कापडावर टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता दिसला तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. आधी तो पुन्हा ओवा. बॉबिन केसचा बारीक स्क्रू त्यानंतर, तोही पाव फेऱ्याहून कमी.