जुन्या नऊवारीला दंड कसा घालायचा

इंदूरच्या मराठी घरांतल्या ट्रंकांत आजी-पणजीची लुगडी अजून सापडतात: रोजची सुती आणि त्यांच्या तळाशी एखादं माहेश्वरी. कामाचं लुगडं विरलं म्हणून कोणी टाकत नसे. विरलेला भाग काढायचा आणि धड तुकडे जोडायचे, त्या जोडाला दंड म्हणतात. दोन जुन्यांतून एक अख्खं नऊवारी निघतं. एकच असेल तर सात-साडेसात वार उरतं. ते लहान चणीच्या मुलीला पुरतं, थोराड बाईला नाही.

कापड कुठे विरलंय ते आधी पाहा. जात्यावर दळणं, भाकऱ्या थापणं, जमीन सारवणं ही सगळी बसून किंवा उकिडवं बसून करायची कामं. त्यामुळे काष्ट्याचा आणि बैठकीचा भाग सगळ्यात आधी जातो, मग मांड्यांवरचा. खालचा काठ टाचेशी कुरतडला जातो. पदराचं टोक हात पुसून डागाळलेलं असतं, पण खांद्यावरचं कापड बहुधा शाबूत असतं. गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या बायका पदर आवळून कमरेला खोचत, म्हणून त्यांच्या लुगड्यांना तिथेही रेघ पडलेली दिसते. (१९४८च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमाने चालू यंत्राच्या कामाला घट्ट कपडे घातलेला पुरुष कामगार सांगितला आणि बायकांना चालू यंत्र पुसायला, तेल द्यायला मनाई केली. सैल लुगडं यंत्रात अडकण्याचा प्रश्न असा सोडवला!)

लुगडं खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे रंगीत दोऱ्याने खूण करा. मग दोन अंगठ्यांमध्ये कापड धरून उभं आणि आडवं हलकेच ताणा. माहेश्वरीत पुष्कळदा ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरचे रेशमाचे उभे धागे तुटतात आणि फाट आडवी जाते. ताणताना धागे तुटल्याचा आवाज आला तर दंडाचा नाद सोडा. सुईच्या प्रत्येक भोकापासून नवी फाट सुरू होईल. अशा कापडाला मागून जुनं मऊ मलमल लावून ते जपून ठेवणंच बरं.

दोन्ही लुगडी जोडण्याआधी धुऊन घ्या. ओला पांढरा कपडा काठावर घासून रंग सुटत नाही ना ते पाहा, मग सुती लुगडी रात्रभर गार पाण्यात भिजवून खळ काढा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात एक तुकडा आटतो, दुसरा आटत नाही आणि दंडावर चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

कापायच्या आधी लुगडं एकदा नेसून बघा. दंड निऱ्यांच्या आत लपला पाहिजे. बैठकीवर, गुडघ्यावर किंवा खांद्यावर आला तर टोचतो आणि उसवतोही. निऱ्या जिथे पडतात तिथे दोन्ही बाजूंना पिना लावा. ही जागा प्रत्येकीच्या अंगाप्रमाणे बदलते, म्हणून वार मोजून ठरवू नका.

आता विरलेल्या भागापासून चार बोटं पुढे, धड कापडात, एक आडवा धागा ओढून काढा. त्याची जी रेघ उमटेल तिच्यावर कात्री चालवा. हाताने टर्रकन फाडू नका, जुनं कापड कुठेही वळतं आणि काठाशी तर हमखास अडतं.

दोन्हींचा पन्हा, म्हणजे रुंदी, क्वचितच सारखा असतो. खालचे काठ एकमेकांशी बरोबर जुळवा आणि इंचभर फरक वरच्या काठाला जाऊ द्या, तो कमरेत खोचला जातो. फरक मधे चुणून बसवला तर निऱ्या तिरक्या पडतात.

सुलटी अंगं आतल्या बाजूला घेऊन तुकडे एकावर एक ठेवा, पण खालचा तुकडा पाव इंच बाहेर राहू द्या. वरच्या कडेपासून पाव इंचावर बारीक धावदोरा घाला, इंचात आठ-दहा टाके. दर वितीला एक उलटा टाका हवाच, म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी सगळा दंड उसवत नाही. दोन्ही काठांवर तर सलग उलटे टाकेच घाला, कारण काष्टा ओढताना सगळा ताण तिथे येतो. मग लुगडं उलगडा, बाहेर राहिलेली कड आखूड कडेवरून दुमडून चपटी बसवा आणि तुरपाई करा. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, तिथे तुरपाईचे टाके आणखी बारीक हवेत.

दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा टणक असतो, ताण आला की आधी कापडच फाटू शकतं. दुकानात देऊन पिको करून घेण्याचा मोह होतो, पण त्याची कड कडक होते आणि निऱ्यांत उभी राहते.

चोळीचं दुखणं वेगळं. घामाने बगल कुजते. तिथला तुकडा काढून तिरप्या कापाचा चौकोन बसवा. सरळ कापाचा बसवला तर हात वर करताच उसवतो.

दंड घातलेलं लुगडं पिळू नका. सावलीत दांडीवर आडवं टाका, पण दंड दांडीवर येऊ देऊ नका, ओल्या कापडाच्या वजनाने टाके सैल होतात.