“कुठून घेतलीस गं?” : हाताने केलेल्या वस्तूंचा ब्रँड घडवताना

घरी आलेली पाहुणी पलंगावरच्या गोधडीवरून हात फिरवून “कुठून घेतलीस गं?” असे विचारते, तेव्हा घरातली बाई एका दमात जे सांगते, तोच त्या गोधडीचा ब्रँड. “नौपाड्यात एक बाई करतात, नाव आठवत नाही, थांब, नंबर शोधते” असे उत्तर आले, तर वस्तू कितीही देखणी असली तरी ऑर्डर तिथेच अडकते. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून विकण्याचा व्यवसाय मी ठाण्यातल्या घरातूनच करते. सुरुवातीला लोगोवर खर्च केलेले पैसे माझ्या सर्वांत कमी कामी आले, म्हणून खालच्या क्रमात लोगोला मी जागाच ठेवलेली नाही.

आपण काय विकणार नाही, हे आधी ठरवावे. माझ्या पहिल्या दिवाळीच्या स्टॉलवर गोधड्या, बटवे, तोरणे, मोबाइलची कव्हरे आणि उरलेल्या राख्या असे सगळे एकाच टेबलावर होते. लोक थांबत, उचलून पाहत आणि पुढे जात, कारण या बाई नेमके काय करतात हे त्यांना कळत नव्हते. पुढच्या वर्षी मी फक्त तीन मापांच्या गोधड्या ठेवल्या आणि त्यांचे वर्णन एका वाक्यात बसवले: जुन्या सुती साडीची, हाताने धावदोरा घातलेली, बाळापासून डबल बेडपर्यंतची गोधडी. आपल्या मालाचे असे एक वाक्य तयार होत नसेल, तर माल कमी करावा, वाक्य लांबवू नये. आणि वाक्यात “हाताने” हा शब्द असेल तर तो खरा असावा. कडेची शिवण मशीनवर मारत असाल तर तसे सांगावे, बाकीचा धावदोरा त्यामुळे कमी मोलाचा ठरत नाही.

नावाची परीक्षा फोनवर घ्यावी. एखाद्या आजींना आणि वाशी-कोपरखैरण्यातल्या एखाद्या अमराठी ओळखीच्या व्यक्तीला नाव एकदाच सांगावे आणि ते इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगावे. दोघांनी वेगवेगळे स्पेलिंग पाठवले तर ग्राहकही इंटरनेटवर शोधताना तसेच चुकणार. ‘ठाणे गोधडी’सारखे निव्वळ वर्णनात्मक नाव सोपे वाटते खरे, पण ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार केवळ वस्तूचे किंवा ठिकाणाचे वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा मिळत नाही, आणि शेजारच्या स्टॉलने तेच नाव लावले तर आपल्याला फारसे बोलताही येत नाही. नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्यावा. तिथे उच्चाराने सारखी असणारी नावेही शोधता येतात, आणि तोच शोध अधिक उपयोगाचा असतो. नोंदणी वर्गवार होते. गोधडी 24 व्या वर्गात येते, कापडी पिशव्या 18 व्या, दागिने 14 व्या आणि मेणबत्त्या चौथ्या वर्गात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाचे शुल्क 4,500 रुपये आहे, आणि मिळालेली नोंदणी 10 वर्षे टिकून पुढे नूतनीकरण करता येते. वर्तुळातले ‘आर’ हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच वापरावे. तोपर्यंत ‘टीएम’ चालते. पहिल्याच महिन्यात हा खर्च केलाच पाहिजे असे माझे मत नाही, पण वर्षभर विक्री टिकली तर पुढे ढकलू नये.

किमतीच्या बाबतीत आपण बहुतेकजणी स्वतःलाच फसवतो, म्हणून हिशेब इथे पूर्ण मांडते. समजा, एका गोधडीला कापड, अस्तर आणि दोरा मिळून 420 रुपये लागले, शिवणाचे 20 तास ताशी 80 रुपयांनी 1,600 झाले, लेबल व पिशवीचे 40 आणि स्टॉल-प्रवासाचा वाटा 140, म्हणजे एकूण 2,200 रुपये झाले. त्यावर 20 टक्के नफा धरला की 2,640. आता एखादे दुकान विक्रीच्या किमतीवर 30 टक्के कमिशन घेऊन आपली गोधडी ठेवायला तयार झाले, तर हातात 2,640 पडण्यासाठी दुकानातला भाव साधारण 3,770 असावा लागतो. स्टॉलवर 2,640 आणि दुकानात 3,770 असे दोन भाव ठेवले, तर दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही आणि ज्या ग्राहकाने जास्त मोजले त्याला फसवल्यासारखे वाटते. म्हणून पहिल्या दिवसापासून भाव एकच, आणि तो दुकानाचे कमिशन धरूनच ठरवावा. “ताई, हे तर घरच्या जुन्या साड्यांचंच आहे ना?” असे कोणी म्हणाले तर भाव न उतरवता 20 तासांचा हिशेब शांतपणे सांगावा. निम्मे लोक तरी ऐकून घेतात.

लेबल कागदी नको. ते पहिल्या दिवशीच कात्रीने निघते. मांजरपाटाच्या लहान पट्टीवर नाव आणि फोन क्रमांक छापून ती गोधडीच्या काठातच शिवून टाकावी. सोबत धुण्याच्या सूचनांचे छोटे कार्ड द्यावे. हे मी एका तक्रारीतून शिकले: एका बाळाच्या गोधडीत मी लाल काठ वापरला होता, पहिल्याच धुण्यात त्याचा रंग पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला आणि त्या घराने पुन्हा ऑर्डर दिली नाही. तेव्हापासून प्रत्येक साडी कापण्यापूर्वी ओला पांढरा रुमाल तिच्यावर घासून पाहते. रुमालाला रंग लागला तर ती साडी बाजूला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत घडी करून ठेवलेल्या कापडाला कुबट वास धरतो, तेव्हा पॅकिंग ऊन मिळालेल्या दिवशीच करावे. बंद पाकिटात विकायला ठेवलेल्या मालावर निर्मात्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग किंवा परिमाण, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे 2011 च्या वजनमाप नियमांनुसार आवश्यक असते. (साबण किंवा क्रीम करणाऱ्यांना तर अन्न व औषध प्रशासनाचा परवानाही लागतो, हस्तकला म्हटल्याने तो टळत नाही.)

वारली नक्षीचा मोह अनेकांना होतो. या कलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण आहे, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचा पालघर भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. इंटरनेटवरून उतरवलेली आकृती छापून तिला ‘अस्सल वारली’ म्हणू नये. एखाद्या वारली चित्रकाराकडून काम करून घ्यावे, त्याचे पूर्ण पैसे द्यावेत आणि लेबलवर त्याचे नाव घालावे.

स्टॉलसाठी दिवाळीपूर्वीच्या ग्राहकपेठा आणि बेलापूरला सिडकोने उभारलेला अर्बन हाट हा हस्तकलेचा बाजार या दोन्ही जागांची चौकशी लवकर करावी. टेबलामागे मोबाइल बघत बसण्यापेक्षा अर्धी गोधडी मांडीवर घेऊन शिवत बसावे. टाका पडताना पाहायला लोक थांबतात. पैसे घेण्याचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नवऱ्याचे किंवा मुलाचे नाव दिसले तर ग्राहक क्षणभर बिचकतो, आणि पाटीवरचे आपले नाव त्याच्या डोक्यातून तिथेच पुसले जाते. त्यासाठी आधारच्या साहाय्याने विनाशुल्क होणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडावे. फोटोंचे म्हणाल तर फिल्टर नको. श्रावणातल्या ढगाळ सकाळी खिडकीपाशी काढलेल्या फोटोत रंग जसाच्या तसा येतो, आणि मापाचा अंदाज यावा म्हणून गोधडी रिकाम्या भिंतीऐवजी पलंगावर पसरावी.

शेवटी एक वही ठेवावी. कोणती गोधडी, कोणाच्या साडीची, कोणत्या मापाची, कधी दिली, हे मी तारखेसह लिहिते. दोन-तीन वर्षांनी काठ उसवला म्हणून कोणी गोधडी घेऊन आले, की वहीतले पान काढून त्याच रंगाचा दोरा शोधते, दुरुस्तीचे 150 रुपये घेते, आणि काठातली पट्टी धुऊन धुऊन पुसट झाली असेल तर तिच्या जागी नवी शिवून देते. तिचे पैसे घेत नाही.