उपवासकाळातला नेम मोडतो कुठे? या चुका टाळा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मंदिरातून परतताना मनात जो निर्धार असतो, तो दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा ढिला पडतो. त्यासाठी आपण आपल्या कमकुवत मनाला बोल लावतो. परंतु चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती तपस्व्यांची वचने वाचली, तर दोष बहुधा नेम धरण्याच्या पद्धतीतच असतो, असे माझे मत झाले आहे.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे न झेपणारे ओझे एकदम उचलणे. चहा, गोड, मांसाहार हे सारे एकाच दिवशी सोडायचे आणि वर पहाटे उठून तासभर प्रार्थनाही करायची, असा बेत आपण उत्साहाच्या भरात करतो. उपास कसा करावा, असे या तपस्व्यांपैकी अब्बा (म्हणजे पिता) पिमेन यांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी रोज जेवावे, मात्र पोट भरण्याआधी हात आवरावा, असे सांगितले. तरुणपणी त्यांनी स्वतः तीन-तीन, चार-चार दिवसांचे कडक उपास केले होते आणि तरीही वडीलधाऱ्यांनी सारे करून पाहिल्यानंतर हाच मार्ग बरा ठरवला, असे त्यांचे म्हणणे होते.

नेम पाळला, पण त्याचा जाच घरच्यांना झाला, तर ती दुसरी चूक. एका वर्षी मी चहा सोडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी डोके ठणकत असताना मुलीच्या हातून ओट्यावर दूध सांडले आणि मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो, की ती काही न खाताच शाळेत गेली. लोक उपास करतात आणि त्याच दिवशी भांडणतंटा करतात, ही बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायातील तक्रार त्या दिवशी मला माझ्याविषयीच लिहिलेली वाटली. त्या संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली आणि सकाळचा एक कप चहा पुन्हा सुरू केला. तेव्हापासून उपवासकाळात माझा पहिला नेम आवाज न चढवण्याचा असतो.

तिसरी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिला आपण चूक म्हणून ओळखतच नाही: मरगळ आली, की आपला नेमच चुकीचा होता, असे मानणे. इ.स. ३९९मध्ये निवर्तलेले इव्हाग्रियस या तपस्वी लेखकाने या मरगळीचे वर्णन फार बारकाईने केले आहे. सकाळी दहाच्या सुमारास ती साधूला गाठते. सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे त्याला वाटू लागते. दुपारी तीनच्या जेवणाला किती वेळ उरला, हे पाहायला तो पुन्हापुन्हा खोलीबाहेर येतो आणि एखादा बंधू भेटायला येतो आहे का, म्हणून इकडेतिकडे पाहतो. आपण प्रार्थनेला बसल्यावर पाचव्या मिनिटाला मोबाईल उघडतो, तो याच ओढीने. यावर इव्हाग्रियस यांचा उपाय साधा आहे: खोली सोडायची नाही. इजिप्तच्या वाळवंटातलेच तपस्वी संत अँथनी यांनाही ही मरगळ आली, तेव्हा त्यांना स्वतःसारखाच कोणीतरी बसून दोर वळताना, मध्येच उठून प्रार्थना करताना आणि पुन्हा दोर वळायला बसताना दिसला. तो देवदूत होता आणि असेच करीत राहा, असा संदेश त्यांना त्याच्याकडून मिळाला. म्हणून मन उडाले, तर प्रार्थनेची वेळ सोडू नये. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे असे हातचे काम आणि छोटी प्रार्थना आलटून पालटून करावी.

नेम कोणालाच न सांगणे हीही चूक आहे. उपासाचे प्रदर्शन प्रभू येशूने वर्ज्य केले, हे खरे. तरीही संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या आपल्या ‘नियम’ या ग्रंथाच्या ४९व्या प्रकरणात प्रत्येक मठवासीयाने उपवासकाळात जे अर्पण करायचे ते आधी मठाधिपतीला सांगावे, असे घालून दिले. आपणही ते एका विश्वासू माणसाला, शक्यतो आपल्या धर्मगुरूंना सांगावे. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांनाही विचारावे. कॅथलिक चर्चचा उपासाचा नियम आजारी माणसाला बांधत नाही.

एक दिवस चुकला, म्हणून सारे सोडून देणे ही शेवटची चूक. बेनेडिक्ट यांच्या मठात रात्रीच्या प्रार्थनेला उशिरा येणाऱ्याला शिस्त लावली जात असे. पण त्याच ‘नियमा’त सुरुवातीचे बायबलमधील ९५वे स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे, असेही लिहिले आहे, म्हणजे धावत येणाऱ्याला ते संपण्याआधी आत पोहोचता येईल.