चपलेचा दोष नव्हता: किडनीच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या आप्पांनी एकाच महिन्यात दोनदा कोल्हापुरी चप्पल दुरुस्तीला नेली. "सांजच्याला पट्टा आवळतोय, जरा सैल कर." कारागिरानं सैल करून दिला. पायाकडे कुणी बघितलंच नाही, अगदी मीसुद्धा. आणि मी दिवसभर लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने घेतो! शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, तर खड्डा पडला आणि बराच वेळ भरूनच आला नाही.

पहिली चूक इथेच होते. आपण दुखण्याची वाट बघतो. "कंबर दुखत नाही, मग किडनीला काय झालंय?" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकतो. हळूहळू निकामी होणारी किडनी बहुधा दुखतच नाही. नुसती कंबर धरली असेल तर कारण बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. बरगडीखालून जांघेकडे उतरणारी जीवघेणी कळ मुतखड्याची असू शकते, ती गोष्ट वेगळी.

मग बघायचं काय? सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर येणारी सूज. रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं. हे वाढलेल्या शुगरमुळे किंवा प्रोस्टेटमुळेही होतं, त्यामुळे घरबसल्या निदान नको. थकवा, अन्नावरची वासना उडणं, अंगाला खाज ही लक्षणं बहुतेकदा उशिरा येतात. लघवीच्या फेसाकडे मात्र नीट बघा. जोराच्या धारेनं फेस येतोच, पण तो लगेच विरतो. रोज येणारा, पाच मिनिटांनीही तसाच राहणारा फेस म्हणजे प्रथिनं बाहेर जात असण्याची शक्यता.

दुसरी चूक आमच्या काउंटरवर रोज दिसते: "फक्त क्रिएटिनिन करा." क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो कचरा. पण किडनीचं जवळपास निम्मं काम कमी होईपर्यंत हा आकडा नॉर्मल दिसू शकतो. शिवाय १.२ हा आकडा तालमीतल्या पैलवानासाठी ठीक असेल, पण सत्तरीच्या किडकिडीत आजींसाठी तोच काळजीचा ठरू शकतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हणून रिपोर्टवरचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते याचा अंदाज, वाचा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुना आजार. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तरही करून घ्या. ते ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवं. मधुमेह किंवा बीपी असेल तर दोन्ही तपासण्या दरवर्षी. आणि हो, तांबड्या रश्श्यासोबत मटण हाणून लगेच रक्त द्यायला येऊ नका. शिजलेल्या मांसामुळे क्रिएटिनिन काही तास वाढलेलं दिसतं.

तिसऱ्या चुकीत तर लोक पेढे वाटतात. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर अचानक उतरायला लागते, डोस कमी करावा लागतो. घरात आनंदीआनंद. पण शरीरातलं इन्सुलिन मोडून काढण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. ती मंदावली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. पथ्य तेच आणि शुगर खाली, असं दिसलं तर आधी डॉक्टरांना सांगा.

उसाच्या फडात दिवसभर घाम गाळून, पाणी न पिता, रात्री अंगदुखीची गोळी घेणं तर किडनीवर दुहेरी घाव. उलट सूज आलेली असताना "किडनी धुवून निघेल" म्हणून पाच लिटर पाणी ढोसणंही घातक. कुणी दिलेली भस्मं नकोतच.

लघवी जवळजवळ थांबली, लघवीतून रक्त गेलं किंवा सुजेबरोबर धाप लागली, तर उद्यावर ढकलू नका. कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना त्याच दिवशी गाठा.

आप्पांचं क्रिएटिनिन १.१ आलं, लघवीतलं अल्ब्युमिनचं गुणोत्तर मात्र ३०० च्या वर. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी डॉक्टरांनी पहिल्यांदा बंद केली, बीपीचं औषध बदललं. सूज उतरली. आता चप्पल पायातून निसटते, म्हणून ते पुन्हा कारागिराकडे गेलेत.