देश बदलला की कचऱ्याचे नियम बदलतात: वर्गीकरण करताना या चुका टाळा

जपानमध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी कचऱ्याची पिशवी मागे राहिली. बाकी सगळ्या पिशव्या गाडी घेऊन गेली होती. कावळ्यांनी उकरू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली माझी एकटीच पिशवी पडून होती आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. आत काही वावगं नव्हतं. विसळून घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं घट्ट लावलेल्या. जर्मनीत काही वर्षं राहून हात त्याच सवयीचा झाला होता.

शेजारच्या आजी बाहेर आल्या. भाषा दोघींना एकमेकींची फारशी येत नव्हती. त्यांनी एक बाटली उचलली, झाकण काढून बाजूला ठेवलं, वेष्टनावरची बारीक भोकांची रेघ नखानं पकडून ते एका झटक्यात सोललं, बाटली पायाखाली दाबून चपटी केली आणि माझ्या हातात दिली. उरलेल्या बाटल्या मी तिथेच उभं राहून तशा केल्या.

वर्गीकरण मी केलं होतं, पण दुसऱ्या देशाच्या नियमानं. नंतर आणखी काही ठिकाणी राहिल्यावर लक्षात आलं की लोक आळसानं फार चुकत नाहीत, आधीच्या सवयीनं चुकतात. प्रत्येक गावाचा नियम त्या कचऱ्याचं पुढे काय होणार आहे त्यावर ठरतो. तो कारखान्यात जाणार, भट्टीत जाणार, की जनावरांच्या खाद्यात? हे एकदा कळलं की पाठांतराचं ओझं निम्मं होतं.

झाकण आणि चेपणं: सगळीकडे एकच रीत धरू नका

बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं आणि वेष्टन बहुधा तिसऱ्याच. जपानमध्ये हे तिन्ही घरीच वेगळं करायची पद्धत आहे, म्हणून पुढे मिळणारा माल स्वच्छ असतो. युरोपीय संघात नेमकं उलट. जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच असावी लागतात, कारण सुटी झाकणं किनाऱ्यांवर आणि पाण्यात सापडत होती. ते झाकण ओढून तोडू नका. कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकतात. पीईटी पाण्यापेक्षा जड म्हणून तळाला बसतं, झाकणाचं प्लास्टिक हलकं म्हणून वर तरंगतं. वेगळं करण्याचं काम पाणीच करतं.

चेपण्याचंही तसंच. स्वित्झर्लंडमध्ये पेयाच्या बाटलीतली हवा काढायची आणि झाकण परत लावायचं, म्हणजे गोळा करताना जागा कमी लागते. जर्मनीत अनामतीची, म्हणजे रिकामी परत केल्यावर पैसे मिळणारी बाटली किंवा कॅन चेपला तर दुकानातलं मशीन त्यावरचा बारकोड वाचू शकत नाही आणि तुमचे २५ सेंट अडकतात. असं झालंच असेल तर बाटली फेकू नका, काउंटरवर द्या. अनामतीचं चिन्ह ओळखू येत असेल तर चेपलेली बाटलीही दुकानाला घ्यावी लागते. अमेरिकेत बऱ्याच शहरांत कागद, काच, डबे आणि प्लास्टिक एकाच मोठ्या डब्यात जातं आणि यंत्रं ते आकारावरून निवडतात. तिथे चपटी केलेली बाटली यंत्राला कागदासारखी वाटते आणि कागदाच्या ढिगात जाऊन बसते. त्यामुळे तिथे बाटली जशी आहे तशीच टाका.

ओला कचरा म्हणजे काय, हे गृहीत धरू नका

सगळ्यात जास्त गोंधळ मी इथे पाहिला आहे. आपल्या डोक्यात पक्कं असतं की स्वयंपाकघरातून निघालं ते ओलं. दक्षिण कोरियात असं चालत नाही. तिथे कोंबडीची हाडं, शिंपल्यांची आणि अंड्यांची टरफलं, फळांच्या कडक कोया, चहाचा चोथा हे साधारणपणे सामान्य कचऱ्यात जातं. कारण खरकट्यापासून पशुखाद्य आणि खत तयार होतं. जनावराला जे पचणार नाही ते त्या डब्यात नको. नियम जाचक वाटला तर दावणीला बांधलेलं जनावर डोळ्यांसमोर आणायचं. यादी पाठ नसली तरी दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येतं.

कोरियाची व्यवस्था एका रात्रीत उभी राहिलेली नाही. १९९५ मध्ये सामान्य कचऱ्यासाठी ठरलेल्या पिशव्या विकत घ्यायची पद्धत देशभर सुरू झाली, म्हणजे जितका कचरा तितका खर्च. २००५ पासून खरकटं थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून त्याचेही वेगळे पैसे आकारले जाऊ लागले. अनेक इमारतींखाली वजन करणारे डबे असतात. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, खरकटं ओतलं की वजन दिसतं आणि तेवढी रक्कम तुमच्या नावावर चढते. इथली नेहमीची चूक म्हणजे पाणी न निथळता टाकणं. रश्शाचं पाणी गाळून टाकलं तर वजन कमी भरतं, वासही कमी येतो. दुसरी चूक जास्त त्रासदायक आहे: पिशवीत आणलेलं खरकटं पिशवीसकट आत टाकणं.

शांघायमध्ये १ जुलै २०१९ पासून चार भाग सक्तीचे झाले: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. तिथल्या लोकांनी लक्षात ठेवायला एक युक्ती काढली. डुक्कर खाईल तो ओला, डुक्करही खाणार नाही तो सुका, खाऊन डुक्कर मरेल तो घातक आणि विकून डुक्कर घेता येईल तो पुनर्वापराचा. मोठी हाडं तिथे सुक्यात जातात, कारण ती लवकर कुजतही नाहीत आणि सहज दळलीही जात नाहीत. तैवानमध्ये तर वर्षानुवर्षं शिजवलेलं आणि कच्चं वेगळं दिलं गेलं आहे, शिजवलेलं डुकरांसाठी आणि कच्चं खतासाठी. तिथली घंटागाडी सुरावट वाजवत येते आणि पिशवी रस्त्यावर ठेवून चालत नाही, स्वतः उभं राहून गाडीत टाकावी लागते.

जर्मनीत ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात बहुतेक जण एक चूक करतात: ‘विघटनशील’ लिहिलेली प्लास्टिकची पिशवी. अनेक शहरांत ती चालत नाही. खतप्रकल्पात ती वेळेत कुजत नाही आणि साध्या प्लास्टिकपासून वेगळी ओळखताही येत नाही. खरकटं वर्तमानपत्रात गुंडाळा, काम होतं.

बाणांच्या त्रिकोणावर विसंबू नका

प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ मधला आकडा दिसला की लोक निश्चिंत होतात. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं ही पद्धत आणली. गैरसमज इतका पसरला की २०१३ मध्ये मानकात बाण काढून भरीव त्रिकोण करण्यात आला, तरी जुनं चिन्ह अजून जागोजागी दिसतं. १ आणि २ नंबरला बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक आहे, पुढच्यांचं त्या त्या गावावर अवलंबून. जर्मनीत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या हिरव्या ठिपक्याचंही असंच आहे. उत्पादकानं वेष्टनाच्या विल्हेवाटीचे पैसे भरले आहेत, एवढंच तो ठिपका सांगतो. वस्तू पुन्हा वापरात येईल असं वचन त्यात नाही.

काळे प्लास्टिकचे डबे तर अनेकदा निवडले जातच नाहीत. यंत्र प्लास्टिकवर अवरक्त किरण टाकून प्रकार ओळखतं आणि काजळीचा काळा रंग ते किरण शोषून घेतो. पट्ट्यावरून डबा जातो, पण यंत्राला तो दिसत नाही.

‘होईल काहीतरी याचं’ म्हणून टाकू नका

ही सवय मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती चांगल्या मनाच्या माणसांना असते. तेलकट डबा, फाटकी छत्री, पाण्याची रबरी नळी, खेळणं, सगळं पुनर्वापराच्या डब्यात. टाकून द्यायला जीव होत नाही. पण त्या एका वस्तूमुळे आजूबाजूचा चांगला मालही बाद होऊ शकतो. २०१८ मध्ये चीननं घरगुती कचऱ्यातून आलेल्या प्लास्टिकची आणि न निवडलेल्या कागदाची आयात बंद केली. इतर काही भंगारासाठी अशुद्धतेची मर्यादा ०.५ टक्के ठेवली. तोपर्यंत श्रीमंत देशांतला बराच अर्धवट निवडलेला माल जहाजांत भरून तिकडे जात होता. तो रस्ता बंद झाला आणि कित्येक शहरांना गोळा केलेला माल कुठे ठेवायचा हा प्रश्न पडला. म्हणून शंका असेल तर वस्तू सामान्य कचऱ्यात टाका. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट जपा: सुका माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डब्यात टाकू नका. पिशव्या निवड यंत्राच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळल्या जातात. मग यंत्र थांबवून माणसाला आत उतरून, सुरीनं कापून त्या काढाव्या लागतात.

धुणं, काच, कागद

डबा किती धुवायचा? जर्मनीत चमच्यानं निपटून रिकामा केला की पुरे. गरम पाणी आणि साबण घालवू नका. मात्र दह्याच्या कपावरचं ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण सुटं करा, चिकटलेलं राहिलं तर यंत्र दोन्हींपैकी एकच ओळखतं. जपानमध्ये विसळणं अपेक्षित आहे. काचेसाठीच्या डब्यात बाटल्या आणि बरण्याच टाका. पाण्याचे पेले, खिडकीची काच, ओव्हनमध्ये चालणारी भांडी वेगळ्या तापमानाला वितळतात आणि नव्या बाटलीत खडे राहतात. जर्मनीत निळी बाटली हिरव्या काचेसाठीच्या डब्यात जाते. हात पुसलेले कागदी रुमाल आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्या रद्दीत नकोत.

बॅटरीच्या बाबतीत कुठेही सूट घेऊ नका

लिथियमची बॅटरी कोणत्याही देशात, कोणत्याही घरगुती डब्यात टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी फुटते आणि भोवती कोरडा कागद असतो. कचऱ्याच्या गाड्यांना आणि निवड केंद्रांना अशानं आगी लागतात, आणि तिथे माणसं काम करत असतात. वाजणारं खेळणं, दिव्याचे बूट, विजेचा दात घासायचा ब्रश, वाफेची सिगारेट यांत बॅटरी लपलेली असते. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि दुकानातल्या किंवा पालिकेच्या संकलन पेटीत टाका.

वेळ आणि पिशवी

कचरा बरोबर, पण दिवस चुकला तरी पिशवी मागे राहते. जपानमध्ये तो त्याच दिवशी सकाळी ठेवायचा, बऱ्याच ठिकाणी आठच्या आत. आदल्या रात्री ठेवलेली पिशवी कावळे फोडतात आणि ते सगळं शेजारी झाडतात. जर्मनीत रस्त्यावरच्या काचेसाठीच्या डब्यांत रविवारी आणि रात्री बाटल्या टाकू नयेत, आवाजामुळे. झुरिचमध्ये सामान्य कचऱ्याला ठरलेलीच पिशवी लागते, शुल्क तिच्या किमतीतच धरलेलं असतं. साधी पिशवी ठेवली तर आतल्या कागदांवरून पत्ता काढून दंड होऊ शकतो. रद्दी तिथे पिशवीत न भरता सुतळीनं बांधून ठेवतात, पुठ्ठे वेगळे.

पिशवी परत राहिली तर

चिठ्ठी फाडू नका, आधी वाचा. भाषा येत नसेल तर फोटो काढून भाषांतर करून घ्या, पिशवी का राहिली ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. पिशवी तिथेच सोडू नका. घरी आणा, दुरुस्त करा आणि पुढच्या ठरल्या दिवशी ठेवा. देशाचा म्हणून नियम शोधण्यापेक्षा आपल्या पालिकेचं पत्रक मिळवा. जपानमध्ये स्प्रेचा रिकामा डबा एका पालिकेत भोक पाडून द्यायचा असतो, तर दुसरीत भोक पाडायला सक्त मनाई असते. टोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सू या छोट्या गावात लोक स्वतः केंद्रावर जाऊन चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात. त्यांची यादी शेजारच्या शहरात चालणार नाही.

घर सोडताना मात्र महिनाभर आधी हालचाल करा. जपानमध्ये टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी मोठ्या कचऱ्यातही घेत नाहीत. २००१ पासूनच्या कायद्यानं त्यांचं पुनर्वापर शुल्क आपल्यालाच भरावं लागतं. गादी, कपाट यांसाठी आधी नोंदणी करून शुल्काचं तिकीट चिकटवावं लागतं, आणि गाडीची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरचीही मिळू शकते.